कागदी कुंडीचे दिवस मोजा

प्रश्न : ठाण्यात आमची पश्चिमेची गॅलरी आहे आणि सोसायटीने गच्चीचा एक कोपराही वापरायला दिला आहे. गेल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या काळ्या पिशव्या नकोत म्हणून मी वर्तमानपत्राचे कप वळले, शिवाय अंड्याची टरफलं आणि मोसंबीच्या साली वापरल्या. टोमॅटो, वांगी, मिरची, दुधी, कारली असं सगळंच लावलं. सालींना पाचव्या दिवशी हिरवी बुरशी आली. टरफलातली रोपं बोटभर होऊन तिथेच थांबली. कागदावर पांढरा कापूस धरला आणि टोमॅटोची निम्मी रोपं एका रात्रीत आडवी झाली. मिरचीचे कप महिन्याभराने उचलले तर तळ ट्रेमध्येच राहिला. उलट वांगी कपासकट ग्रो-बॅगेत लावली होती, ती दसऱ्यापर्यंत वीतभरच. उपटून पाहिली तर आत कागद जसाच्या तसा, मथळासुद्धा वाचता येत होता. एकच कागद एकीकडे गळून पडतो आणि दुसरीकडे सडतच नाही, हे कसं? सासूबाई म्हणतात, “एवढा खटाटोप कशाला, बी सरळ आळ्यात टोच.” मे निम्मा होत आला, यंदा काय करू?

उत्तर : ताई, मिरचीच्या कपाचा तळ सडला नव्हता, भिजून सैल झाला होता. कागदातले तंतू एकमेकांना धरून असतात. पाणी मुरलं की ती पकड सुटते आणि कप चिंधीसारखा हातात येतो. वाळला की तेच तंतू पुन्हा एकमेकांना धरतात आणि कागद पूर्वीसारखा कडक होतो. सडणं ही निराळी गोष्ट. त्याला सतत ओल, बुरशी-जिवाणू, त्यांना खायला थोडा नत्र आणि भरपूर दिवस लागतात. त्यातून वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि ते पचवणारे जीव मोजके. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या विल्यम राथजे यांनी कचऱ्याचे डोंगर खणून पाहिले, तेव्हा कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशा स्थितीत निघाली. तेव्हा तुमचा मथळा चार महिने टिकला यात नवल नाही.

म्हणजे ट्रेमध्ये कप सतत पाण्यात होता, म्हणून गळला. ग्रो-बॅगेत तो बहुतेक वेळ कोरडा होता, म्हणून टिकला. लावताना कपाची कड मातीच्या वर राहिली होती का, आठवून पाहा. ती बोटभर कड दिव्यातल्या वातीसारखं काम करते. मुळांजवळचं पाणी ओढून घेते आणि वाऱ्यावर उडवून टाकते. आत माती कोरडी, भोवती वाळलेल्या कागदाची भिंत, आणि मुळं त्या भिंतीला टेकून गोल गोल फिरतात. तुमची वांगी ग्रो-बॅगेत असूनही चार महिने पाव लिटरच्या कपातच वाढत होती.

यंदा एवढं धरून चाला : कुंडी किती दिवस उभी राहते आणि रोप किती दिवस कुंडीत राहणार, हे दोन आकडे जुळले पाहिजेत. तीन पदरी वर्तमानपत्राचा कप नीट पाणी दिलं तर तीन आठवडे धड राहतो. काकडी, दुधी, दोडका, कारलं ही वेलवर्गीय रोपं बारा ते अठरा दिवसांत दोन-तीन खऱ्या पानांवर (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन जाड पानांनंतरची पानं) येतात, म्हणजे लावायला तयार. त्यांचं कागदाशी छान जमतं. टोमॅटोला तीन-साडेतीन आठवडे, वांग्याला चार-पाच आणि मिरचीला पाच-सहा आठवडे लागतात. मिरचीचं बी तर उगवायलाच आठ ते पंधरा दिवस घेतं. पहिल्या दिवसापासून तिला कागदात ठेवलं तर तळ सुटणार हे ठरलेलंच.

शिवाय कुंडीची खरी गरज वेलांनाच आहे. त्यांचं मूळ एकदा तुटलं की लवकर नवं फुटत नाही, रोप आठ-दहा दिवस रुसून बसतं. टोमॅटो-वांगी-मिरचीचं तसं नाही. आपल्याकडचे शेतकरी गादीवाफ्यावरची रोपं उपटून, मुळं उघडी असताना लावत आलेच आहेत. टोमॅटोला तर खोडातूनही मुळं फुटतात. या तिघांचं बी एका जुन्या दह्याच्या डब्यात, तळाला पाच-सहा भोकं पाडून, बोटभर अंतरावर टाका. दोन खरी पानं आली की आइस्क्रीमच्या चमच्याच्या दांडीने एकेक रोप मुळांसकट उचलून कागदी कपात लावा. उचलताना पान धरायचं, देठ नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेमटला तर रोप गेलं. मिरची साधारण वीस दिवस डब्यात आणि पुढचे वीस दिवस कपात राहते, आणि कप वेळेत सुटतो. दह्याचा डबा प्लास्टिकचा आहे म्हणून संकोच नको. एकच डबा पाच वर्षं वापरणं हेही कचरा कमी करणंच आहे.

आता कप. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचं एक पान साधारण ३३ सेंटीमीटर रुंद आणि ५३ उंच असतं. ते उभं मधोमध फाडलं की साडेसोळा सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात, एका पट्टीचा एक कप. गुळगुळीत रंगीत पुरवणी घेऊ नका, तो कागद पाणी शोषत नाही आणि मुळांना अडवतो. पट्टीची एक लांब कड दोन सेंटीमीटर आत दुमडा, तो कपाचा काठ. मग सहा सेंटीमीटर व्यासाचा स्टीलचा पेला आडवा धरा आणि पट्टी त्यावर गुंडाळा. न दुमडलेली कड पेल्याच्या बुडाच्या पाच सेंटीमीटर पुढे राहिली पाहिजे. ५३ सेंटीमीटर लांबीत जवळजवळ तीन वेढे बसतात, तेवढे पदर पुरे. गुंडाळी फार घट्ट नको, पेला फिरवता आला पाहिजे. पुढे आलेला कागद चारी बाजूंनी बुडावर दुमडा आणि पेला ओट्यावर उभा करून जोरात दाबा, थोडा पिळा. बूड बसतं. पेला बुडाकडे निमुळता असल्याने कप त्याच बाजूला अलगद सरकून निघतो. साडेनऊ सेंटीमीटर उंचीचा, पाव लिटर माती मावणारा कप तयार.

खळ लावू नका, स्टेपलर नको, सेलोटेप तर नकोच. मैद्याच्या खळीला मुंग्या आणि झुरळं लागतात आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. माती भरली की मातीच्या दाबानेच कप उभा राहतो. पहिला आठवडा कप ट्रेमध्ये खांद्याला खांदा लावून ठोकळ्यासारखे ठेवा, म्हणजे बाजू सुकत नाहीत आणि कप कलंडत नाहीत. उगवण झाल्यावर मात्र दोन कपांत बोटभर जागा सोडा. भिंतीपर्यंत आलेल्या मुळाच्या टोकाला हवा लागली की ते तिथे थांबतं आणि मागून फाटे फुटतात. चिकटून राहिले तर मूळ सरळ शेजारच्या कपात घुसतं आणि वेगळं करताना तुटतं.

भरायला कुंडीतली जुनी माती घेऊ नका. टोमॅटो आडवे पडण्यामागे तिचा हात असण्याची शक्यता मोठी आहे. पंधरा कपांना चार लिटर मिश्रण लागतं : एक लिटरच्या डब्याने दोन डबे भिजवलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक डबा चाळलेलं गांडूळखत, एक डबा धुतलेली जाड वाळू. साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात टाकली की फुगून आठ-नऊ लिटर होते. ती फडक्यात पिळून पुन्हा एकदा पाण्यातून काढा, काथ्यात क्षार असतात आणि कोवळी मुळं त्याने करपतात. वाळू समुद्राची नको. बांधकामाची क्रश सँड असेल तर तिची पिठूळ भुकटी धुऊन टाका, नाहीतर ती कपाच्या तळाशी सिमेंटसारखी बसते. मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) पावडरचा एक सपाट चमचा कालवून, ओलसर ठेवून दोन दिवस झाकून ठेवा. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल.

गांडूळखत वगळू नका, आणखी एका कारणासाठी ते लागतं. कागद पचवणारे जीव नत्रासाठी मातीवर डल्ला मारतात. दुसऱ्या आठवड्यात खालची पानं फिकी पिवळी पडायला लागली तर ते त्याचंच लक्षण. तेव्हा गांडूळपाणी किंवा गाळलेला शेणकाला दहापट पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा द्या. पिवळेपणा दिसला म्हणून जास्त पाणी देणं ही नेहमीची चूक.

बुरशीचं सांगतो. कपावरचा पांढरा कापूस आणि रोपं आडवी पडणं या दोन वेगळ्या भानगडी आहेत. तो कापूस कागद खाणाऱ्या बुरशीचा, रोपाला तो काही करत नाही. हवा खेळती ठेवली की आपोआप ओसरतो. रोपं पाडणारी बुरशी डोळ्याला सहसा दिसतच नाही. पडलेलं रोप उचलून देठ मातीच्या रेषेवर पाहा : तेवढाच भाग दोऱ्याने आवळल्यासारखा बारीक, पाणेरी, तपकिरी असतो आणि वरची पानं अजून हिरवीगार असतात. याला रोपं कोलमडणं म्हणतात. पडलेलं रोप वाचत नाही. तो कप मातीसकट बाहेर काढा, शेजारच्यांचं वरून पाणी बंद करा आणि मातीवर कोरड्या वाळूचा अर्धा सेंटीमीटर थर द्या. ही बुरशी दाट पेरणीत, वरून शिंपलेल्या पाण्यात आणि झाकलेल्या दमट हवेत पसरते. म्हणून बी उगवेपर्यंत प्लास्टिक झाकलं तर हरकत नाही, पण पहिला कोंब वाकून मातीबाहेर दिसला की त्याच दिवशी झाकण काढायचं. वाळूच्या थराने ओल्या गांडूळखतावर होणारी बारीक काळी चिलटंही कमी होतात.

पाणी खालून द्या. ट्रेमध्ये एक सेंटीमीटर पाणी ओता, पंधरा मिनिटांनी उरलेलं ओतून टाका. हे ओतून टाकणंच बहुतेक घरांत राहून जातं आणि तळ सुटतात. पुन्हा पाणी कधी द्यायचं ते कप उचलून ठरवा, सुकलेला कप ओल्यापेक्षा हाताला चटकन हलका लागतो. पाणी सकाळीच द्यावं. पश्चिमेच्या गॅलरीत सकाळी ऊन नसेल तर ट्रे गच्चीवर हलवा. उगवल्या दिवसापासून चार-पाच तास ऊन मिळालं नाही तर रोपं सुतासारखी उंच होतात आणि पहिल्याच सरीत मोडतात.

वेलांचं बी पेरण्याआधी भिजवावं लागतं, दुधीचं रात्रभर, कारल्याचं पूर्ण दिवस. कारल्याचं कवच टणक असतं. टोकदार बाजूची अगदी कड नेलकटरने किंचित उडवली तर आठवडाभरात उगवतं, नाहीतर पंधरा दिवस वाट पाहायला लावतं. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते भिजवू नका, हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा. कपात दीड-दोन सेंटीमीटर खोल, दोन बिया आडव्या टाका. दोन्ही उगवल्या तर मरतुकडं रोप कात्रीने जमिनीलगत कापा. उपटायला गेलात तर दुसऱ्याचं मूळ हलतं.

लावणीच्या दिवशी कप आधी पूर्ण भिजवा. वरची दुमडलेली कड मातीच्या पातळीपर्यंत फाडून टाका. बूड सोलून काढा, ओलं असल्याने ते सहज निघतं. बाजूला नखाने वरपासून खालपर्यंत तीन चिरा द्या. मग कप एवढा खोल बसवा की कागदाचा कपटाही वर दिसणार नाही, आणि भोवतीची माती बोटांनी दाबा, पोकळी राहिली तर कागद तिथे वाळतो. ग्रो-बॅगेत पहिले दोन आठवडे माती सुकू देऊ नका. पावसाळ्यात असा गाडलेला कागद महिना-दीड महिन्यात विरतो, आणि नाही विरला तरी मुळांना चिरांतून वाट असते.

बाकीच्या साहित्याबद्दल थोडक्यात. मोसंबीची साल सोडा. ती आठवड्याभरात मऊ पडते, माशा आणते आणि गॅलरीत उंदरांना आवतण देते. ती कंपोस्टमध्येच बरी. अंड्याच्या टरफलात जेमतेम तीन-चार चमचे माती मावते, म्हणून रोपं थांबली. कवच मुळांना फोडता येत नाही, आणि त्यातून रोपाला कॅल्शियम मिळतं म्हणावं तर टरफल मातीत विरघळायला महिने लागतात. हौस असेल तर तुळशीचं बी उगवून दहाव्या दिवशी टरफल चुरगळून कपात हलवा. अंड्याच्या ट्रेचे पुठ्ठ्याचे खण त्यापेक्षा थोडे बरे, पण उथळ. चहाचे कागदी कप कागदी दिसतात एवढंच, आतून प्लास्टिकचा थर असतो. ते आणि प्रसादाचे चकचकीत चंदेरी द्रोण मातीत गाडू नका. पळसाच्या पानांचा खरा द्रोण मिळाला तर तो काकडीला पुरतो, दोन द्रोण एकात एक घालून. करवंटी सडत नाही, पण कुंडी म्हणून उत्तम. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तिथे तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा. मिरचीचं रोप तयार झालं की उपडी करून ठोकून काढा आणि करवंटी पुन्हा वापरा.

सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाला बांधलेले केळीचे खुंट दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. त्यांची सोपटं (खोडाचे एकावर एक असलेले थर) सोलून वीतभराचे तुकडे करा, गोल वळवा आणि त्याच सोपटाच्या सुतळीने बांधा. बूड नसलेली नळी ट्रेमध्ये उभी करायची. ओल धरते, दोन-तीन आठवडे टिकते, वेलांना कागदाहून सरस, कारण मातीत गेल्यावर ती खरंच लवकर कुजते.

तबेल्यातून शेण मिळत असेल तर वांग्या-मिरचीला शेणाच्या कुंड्या कराव्यात, त्या पाच-सहा आठवडे उभ्या राहतात. आठवडाभराचं शेण तीन भाग, कोकोपीट किंवा भाताचं तूस एक भाग. उपड्या वाटीवर ओलं फडकं पसरून त्यावर सेंटीमीटरभर जाड थापा. दोन दिवस सावलीत, मग चार दिवस कडक उन्हात. थेट उन्हात ठेवल्या तर वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात. हे मे संपायच्या आत उरकलं पाहिजे, पाऊस लागला की वाळत नाहीत. पुरती न वाळलेली कुंडी आत गरम होऊन मूळ जाळते.

सासूबाईंचं म्हणणं भेंडी, गवार, मेथी, मुळा यांच्याबाबतीत सोळा आणे खरं आहे. यांना कप नकोच, बी जागेवर टोचावं. दुधी-कारलंही अंगणात आळं असतं तर तसंच टोचलं असतं. ठाण्यात मात्र पहिल्या मुसळधार सरीत बी वाहून जातं किंवा कुजतं, उंदीर बी उकरतात आणि गोगलगायी एका रात्रीत दोन पानांचं रोप फस्त करतात. लावल्यावरही आठ दिवस पहाटे बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्या लागतील आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्या लागतील. टरफलांचा चुरा भोवती पसरून त्या थांबत नाहीत, पावसात तर अजिबातच नाही.

वेळेचा हिशेब असा : २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, तेव्हा वेलांचं बी कपात टाका. मृग ७-८ जूनला लागतो आणि ठाण्यात पाऊस बहुधा त्यानंतर दोन-चार दिवसांत स्थिरावतो. तोवर रोपं दोन-तीन पानांवर येतील. आधी तीन दिवस गच्चीच्या मोकळ्या वाऱ्यावर ठेवून, पहिल्या दणक्याची सर ओसरली की ढगाळ संध्याकाळी लावा. मिरचीचं बी मात्र रोहिणीची वाट पाहत ठेवू नका. तिला चाळीस दिवस लागतात, ते आजच दह्याच्या डब्यात पडू द्या.